द्रायूकृत थर ज्वलन व प्रदूषक नियंत्रण

द्रायूकृत थर ज्वलन व प्रदूषक नियंत्रण : वाळू, राख किंवा चुनखडक यांच्या तप्त कणांच्या थरातून खालून वर हवेचा झोत सोडून तो थर तरंगत ठेवावयाचा आणि त्यात कोळसा जाळावयाचा, या पद्धतीस द्रायूकृत थर ज्वलन म्हणतात. द्रव व वायू या दोहोंना मिळून द्रायू ही संज्ञा आहे. झोतामुळे घन कणांचा थर द्रायूसारखा वागू लागतो, म्हणून हे नाव पडले. कारखान्यांत मात्र ‘फ्लुइडाइज्ड बेड’ हे इंग्रजी नावच रूढ आहे. कोळसा जळताना निर्माण होणाऱ्या गंधक व नायट्रोजन यांच्या ऑक्साइडांना धुराड्यापर्यंत जाऊ न देता भट्टीतच आळा घालता येतो, हे या पद्धतीचे प्रमुख वैशिष्ट्य होय. तथापि या क्रियेत गंधक नष्ट होत नाही. ते वायूतून काढून राखेत बांधले जाते एवढेच. त्यामुळे या पद्धतीचे मूल्यमापन धुराड्याच्या तोंडाशी संपत नाही, ते राखेच्या ढिगापर्यंत न्यावे लागते. कोकणासारख्या अतिवृष्टीच्या, सच्छिद्र जांभ्याच्या आणि फळबागांच्या प्रदेशात तर हा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

थराचे स्वरूप : सच्छिद्र तबकावर पसरलेल्या वाळूतून खालून हवा सोडली असता प्रारंभी ती कणांमधील फटींतून निघून जाते व थर स्थिर राहतो. हवेचा वेग वाढवीत नेल्यास एका विवक्षित वेगाला थराच्या वरच्या व खालच्या बाजूंतील दाबांचा फरक थराच्या वजनास तोलून धरण्याइतका होतो. तेथून पुढे कण एकमेकांवर टेकलेले न राहता हवेवर तरंगू लागतात. वेग आणखी वाढविला की हवेचे बुडबुडे थरातून वर येऊन फुटू लागतात. रटरटणाऱ्या पेजेत तांदळाचे दाणे जसे खालीवर होतात तसा हा देखावा असतो. अशा थराचा पृष्ठभाग सपाट राहतो, त्यात जड वस्तू बुडते, हलकी तरंगते आणि बाजूस छिद्र पाडल्यास थर पाण्यासारखा वाहू लागतो. कण सतत घुसळले जात असल्यामुळे सर्व थराचे तापमान जवळजवळ एकसारखे राहते व त्यात बुडविलेल्या नळ्यांतील पाण्यास उष्णता फार त्वरेने मिळते.

थरात प्रत्यक्ष कोळशाचे प्रमाण अगदी अल्प, बहुधा एक-दोन टक्के असते. बाकी सर्व वाळू, राख व चुना. तप्त निष्क्रिय कणांचा हा साठा एवढा मोठा असतो की, त्यात पडलेला ओला किंवा निकृष्ट कोळसाही विझत नाही. चाळीस टक्क्यांहून अधिक राख असलेला भारतीय कोळसा, कोळसा धुण्याच्या केंद्रांतील टाकाऊ भाग, लिग्नाइट, भाताचा तूस, तेल काढून घेतलेल्या काजूच्या टरफलांचा चोथा असे नानाविध इंधन एकाच प्रकारच्या भट्टीत जाळता येते ते यामुळेच.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कणकवली तालुक्यातील कासार्डे परिसराची सिलिका वाळू काच व ओतकाम या उद्योगांना माहीत आहे. थरासाठी लागणारी वाळू साधारणतः याच जातीची असते. किनाऱ्यावरील पुळणीची वाळू मात्र या कामास निरुपयोगी ठरते. तीमधील मिठातून येणारे सोडियम सिलिकेशी संयोग पावून कमी तापमानास वितळणारी सिलिकेटे तयार होतात, कण परस्परांस चिकटतात आणि थर गोठून बसतो. असा गोठलेला थर बाष्पित्र बंद करून फोडून काढावा लागतो. सोडियम अधिक असलेल्या लिग्नाइटाच्या बाबतीतही हीच अडचण येते.

प्रकार : हवेचा वेग दर सेकंदास १ ते ३ मी. असताना थर भट्टीच्या तळभागातच राहतो. यास बुडबुडी थर म्हणतात. वेग ४ ते ६ मी. केल्यास कण झोताबरोबर वर उडून भट्टीबाहेर पडतात. त्यांना चक्रवाती विलगकात (सायक्लोनमध्ये) वेगळे काढून पुन्हा भट्टीच्या तळाशी सोडतात. हा अभिसरित थर होय. या प्रकारात कोळशाचा व चुन्याचा प्रत्येक कण बाहेर जाण्यापूर्वी अनेक फेऱ्या करतो, म्हणून ज्वलन अधिक पूर्ण होते व चुनाही अधिक वापरला जातो. लहान औद्योगिक बाष्पित्रांत पहिला, तर विद्युत निर्मितीच्या मोठ्या संचांत दुसरा प्रकार वापरतात. वातावरणाच्या दहा-पंधरा पट दाबाखाली चालणारा तिसरा प्रकारही आहे. त्याचा मोठा संच स्टॉकहोममधील व्हेर्टान येथे १९९० च्या सुमारास सुरू झाला, परंतु खर्च व गुंतागुंत यांमुळे त्याचा प्रसार झाला नाही.

जर्मनीमध्ये फ्रिट्झ व्हिंक्लर यांनी १९२० नंतरच्या वर्षांत कोळशापासून इंधन वायू तयार करण्यासाठी असा थर प्रथम वापरला. पुढे १९४२ मध्ये अमेरिकेत खनिज तेलाच्या उत्प्रेरकी भंजनासाठी त्याचा उपयोग झाला. कोळसा जाळण्याकडे लक्ष वळले ते १९६० नंतर, मुख्यत्वे ब्रिटनमध्ये. आणि अम्ल पर्जन्याच्या चर्चेने या संशोधनास जोर आला. पोलंडमधील वागिशा येथील ४६० मेवॉ.चा अभिसरित संच २००९ मध्ये, तर चीनच्या सिचवान प्रांतातील बाइमा येथील ६०० मेवॉ.चा संच २०१३ मध्ये कार्यान्वित झाला.

गंधकाचे नियंत्रण : नेहमीच्या औष्णिक विद्युत केंद्रांत कोळशाची पिठासारखी बारीक भुकटी करून ती ज्योतीत जाळतात. तेथे तापमान १,४००° से.च्या वर जाते. इतक्या तापमानास चुना गंधकाच्या वायूला धरून ठेवू शकत नाही. म्हणून धूर थंड झाल्यावर वेगळ्या धुलाई मनोऱ्यात त्याचे गंधक काढावे लागते. द्रायूकृत थर मात्र ८००° ते ९००° से. दरम्यान राखता येतो. या पट्ट्यात कोळसाही जळतो, राखही मऊ पडत नाही आणि चुनाही आपले काम करतो. तीन गोष्टींचा हा मेळ केवळ सुदैवाचा म्हणावा लागेल, कारण पद्धतीचा आरंभ गंधकाच्या विचाराने झालेला नव्हता.

विक्रिया दोन टप्प्यांत घडते. कोळशाबरोबर भट्टीत टाकलेल्या चुनखडकातील कॅल्शियम कार्बोनेटाचे प्रथम विघटन होऊन कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो व कॅल्शियम ऑक्साइड म्हणजे कळीचा चुना उरतो. हा टप्पा मालवण किनाऱ्यास अपरिचित नाही. तिसऱ्या, मुळे, कालवे यांचे शिंपले भट्टीत भाजून चुना करण्याचा व्यवसाय कोकणात पूर्वापार चालत आला. शिंपला हा जवळजवळ सर्वस्वी कॅल्शियम कार्बोनेटाचाच असल्यामुळे त्या भट्टीतील विक्रिया व बाष्पित्रातील पहिला टप्पा यांत रसायनशास्त्राच्या दृष्टीने काहीही भेद नाही. फरक दुसऱ्या टप्प्यात पडतो. बाष्पित्रात कळीचा चुना सल्फर डाय-ऑक्साइड व हवेतील ऑक्सिजन यांच्याशी संयोग पावतो आणि कॅल्शियम सल्फेट हा कोरडा घन पदार्थ बनतो. तो राखेबरोबर बाहेर काढला जातो.

कागदावर गंधकाच्या एका अणूस कॅल्शियमाचा एक अणू पुरतो. प्रत्यक्षात अभिसरित थरात दोन ते अडीचपट व बुडबुडी थरात तिप्पट वा अधिक चुनखडक घालावा लागतो, तेव्हा कोठे नव्वद टक्क्यांच्या आसपास गंधक पकडले जाते. याचे कारण कणाच्या रचनेत आहे. एक मोल कॅल्शियम कार्बोनेट सुमारे ३७ घ. सेंमी. जागा व्यापते, कार्बन डाय-ऑक्साइड निघून गेल्यावर उरलेल्या कळीच्या चुन्यास १७ घ. सेंमी. पुरतात. म्हणजे कणात भरपूर छिद्रे निर्माण होतात व वायू आत शिरू शकतो. पण तयार होणाऱ्या सल्फेटास सुमारे ४६ घ. सेंमी. जागा लागते. त्यामुळे कणाच्या बाहेरील छिद्रांची तोंडे प्रथम बुजतात आणि आतील चुना न वापरताच बंदिस्त होतो. कण जितका बारीक तितका हा अपव्यय कमी. परंतु फार बारीक कण झोताबरोबर उडून जातो. अभिसरित थरात उडालेला कण परत आणला जातो, यातच त्याचे श्रेष्ठत्व आहे. दोन चुनखडकांचे रासायनिक पृथक्करण सारखे असूनही त्यांचे कार्य बरेच भिन्न असू शकते. म्हणून खाण निश्चित करण्यापूर्वी प्रत्यक्ष ज्वलन चाचणी घेणे इष्ट असते.

तापमानाबाबतही बंधन काटेकोर आहे. सुमारे ८५०° से.च्या आसपास गंधक पकडण्याची क्षमता सर्वांत जास्त असते. ते बरेच खाली गेल्यास चुनखडकाचे विघटन मंदावते. ९००° से.च्या वर गेल्यास चुन्याची छिद्रे आवळतात आणि ऑक्सिजन कमी असलेल्या भागांत तयार झालेले सल्फेट पुन्हा फुटून सल्फर डाय-ऑक्साइड मुक्त होते. दुर्लक्षित वा अतिभाराने चालविलेल्या बाष्पित्रात चुनखडक नियमित टाकूनही धुरात गंधक आढळते, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

प्रमाणांची कल्पना येण्यासाठी एक हिशेब पाहू. अर्धा टक्का गंधक असलेल्या एक टन कोळशात ५ किग्रॅ. गंधक असते, त्यापासून १० किग्रॅ. सल्फर डाय-ऑक्साइड निर्माण होतो. तो पकडण्यासाठी अडीचपट प्रमाणाने सुमारे ३९ किग्रॅ. शुद्ध चुनखडक लागेल. तीन टक्के गंधकाच्या लिग्नाइटासाठी हाच आकडा दर टनास सुमारे २३४ किग्रॅ.वर जातो. चुनखडकाच्या विघटनातून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड पहिल्या उदाहरणात सुमारे १७ किग्रॅ. असतो. चाळीस टक्के कार्बन असलेल्या एक टन कोळशापासून होणाऱ्या जवळजवळ दीड टन कार्बन डाय-ऑक्साइडाच्या मानाने तो अल्प आहे. पण गंधक कमी करताना कार्बन डाय-ऑक्साइड थोडा वाढतो, हे नोंदविले पाहिजे.

नायट्रोजनाच्या ऑक्साइडांचे नियंत्रण : हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग लक्षणीय प्रमाणात होण्यास १,३००° से.हून अधिक तापमान लागते. द्रायूकृत थरात ते गाठलेच जात नाही. त्यामुळे कोळशातील स्वतःच्या नायट्रोजनापासून बनणारे ऑक्साइड तेवढे शिल्लक राहते. तेही कमी करण्यासाठी हवा दोन टप्प्यांत देतात. तबकातून निम्मी ते दोन तृतीयांश हवा सोडतात व उरलेली वरच्या बाजूने. तळाशी ऑक्सिजनाची टंचाई असल्याने तेथील तप्त कोळसा व कार्बन मोनॉक्साइड नायट्रिक ऑक्साइडाचे क्षपण करून त्याचा निरुपद्रवी नायट्रोजन बनवितात. आणखी घट हवी असल्यास चक्रवाती विलगकाच्या तोंडाशी अमोनिया किंवा यूरियाचा विद्राव फवारतात. तेथील तापमान या विक्रियेस आयतेच अनुकूल असते.

येथे दोन उपायांचा परस्परांशी विरोध येतो. गंधकासाठी घातलेला जादा चुना कोळशातील बाष्पनशील नायट्रोजनाच्या ऑक्सिडीभवनास उत्प्रेरकाप्रमाणे साहाय्य करतो. म्हणजे गंधक फार घटवू गेल्यास नायट्रिक ऑक्साइड वाढू शकते. दुसरा विरोध अधिक गंभीर आहे. ज्योतीत जाळलेल्या भुकटी कोळशापासून नायट्रस ऑक्साइड जवळजवळ होत नाही. थरातील कमी तापमानामुळे मात्र ते टिकून राहते व धुरात दशलक्ष भागांत ५० ते १५० भाग इतके आढळू शकते. शंभर वर्षांच्या अवधीत या वायूचा तापनपरिणाम तितक्याच वजनाच्या कार्बन डाय-ऑक्साइडाच्या सुमारे २७३ पट धरला जातो. तापमान वाढविले तर नायट्रस ऑक्साइड घटते, पण नायट्रिक ऑक्साइड वाढते व गंधकही सुटते. या पद्धतीच्या प्रचारसाहित्यात नायट्रस ऑक्साइडाचा उल्लेख क्वचितच असतो, आणि उत्सर्जनाच्या मर्यादाही सहसा नायट्रिक ऑक्साइड व नायट्रोजन डाय-ऑक्साइड यांनाच लावलेल्या असतात.

धूलिकण, कार्बन मोनॉक्साइड व पारा : उडती राख अडविण्यासाठी स्थिरविद्युत् अवक्षेपक किंवा कापडी पिशव्यांची गाळणी वापरतात. चुना घातलेल्या भट्टीतील राखेचा विद्युत् रोध अधिक असतो आणि धुरात सल्फर ट्राय-ऑक्साइड उरलेले नसते. म्हणून अवक्षेपकाचे कार्य खालावते व पिशव्यांची गाळणी श्रेयस्कर ठरते. कार्बन मोनॉक्साइड कमी ठेवण्यास पुरेशी दुय्यम हवा व भट्टीची उंची लागते. राखेतील न जळलेला कार्बन पारा शोषून घेतो. कार्यक्षमतेच्या दृष्टीने तो कार्बन दोषच असला, तरी पाऱ्याच्या दृष्टीने त्याचा फायदा होतो.

राख : या पद्धतीची राख भुकटी कोळशाच्या राखेहून निराळी असते. तीत कॅल्शियम सल्फेट व न वापरलेला कळीचा चुना पुष्कळ असतो. पाणी लागताच चुना फुगतो व तापतो. पाझरणारे पाणी तीव्र अल्कधर्मी असते. सल्फेट अधिक असल्याने ती सिमेंटात सरसकट मिसळता येत नाही. खाणींचे खड्डे बुजविणे, अम्लधर्मी खाणपाण्याचे उदासिनीकरण, भरावाचे काम असे तिचे उपयोग आहेत. कोकणची जमीन अम्लधर्मी असल्यामुळे तेथे ही राख चुन्याऐवजी शेतात घालावी, असा विचार कोणास सुचणे स्वाभाविक आहे. परंतु राखेतील आर्सेनिक, शिसे इ. घटकांची तपासणी प्रत्येक कोळशासाठी स्वतंत्रपणे केल्याशिवाय तसे करणे योग्य नव्हे.

भारतातील प्रसार : भारत हेवी इलेक्ट्रिकल्सने तिरुचिरापल्ली येथे बुडबुडी थराच्या बाष्पित्रांचा विकास केला, जामाडोबा येथे टाटांच्या कोळसा धुलाई केंद्रातील टाकाऊ कोळशावर चालणारे वीज केंद्र हे त्याचे एक आरंभीचे उदाहरण होय. पुण्याची थरमॅक्स कंपनी दोन्ही प्रकारची बाष्पित्रे तयार करते. रसायने, कापड, कागद, स्पंज लोखंड अशा उद्योगांत ती वापरली जातात. विद्युत निर्मितीत या पद्धतीने मुख्यत्वे लिग्नाइटाचा आधार घेतला : गुजरातमधील सुरत जिल्ह्यात १२५ मेवॉ.चे दोन संच २००० च्या सुमारास, कच्छमध्ये अक्रीमोटा येथे तेवढेच दोन संच, राजस्थानात बाडमेरजवळ १३५ मेवॉ.चे आठ संच व तमिळनाडूत नेव्हेली येथे २५० मेवॉ.चे दोन संच. महाराष्ट्रातील मोठी औष्णिक केंद्रे भुकटी कोळशाचीच आहेत.

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र शासनाने औष्णिक केंद्रांसाठी गंधक, नायट्रोजन व पारा यांच्या मर्यादा प्रथमच ठरविल्या. १ जानेवारी २०१७ पासून बसविल्या जाणाऱ्या संचांस दर सामान्य घन मी. धुरात धूलिकण ३० मिग्रॅ., सल्फर डाय-ऑक्साइड १०० मिग्रॅ., नायट्रोजनाची ऑक्साइडे १०० मिग्रॅ. व पारा ०.०३ मिग्रॅ. अशी मर्यादा होती. पुढे मुदती वारंवार वाढविण्यात आल्या आणि जुलै २०२५ च्या अधिसूचनेने महानगरांपासून व अतिप्रदूषित शहरांपासून दूर असलेल्या केंद्रांना, धुराड्याच्या उंचीची अट ठेवून, गंधकाच्या मर्यादेतून सूट देण्यात आली. उंच धुराडे गंधक कमी करीत नाही, ते दूरवर पसरविते. समुद्राकडून येणारे वारे जेथे पन्नास-साठ किमी.वरील सह्याद्रीच्या भिंतीस अडतात, अशा प्रदेशात या भेदास विशेष अर्थ आहे.

कोकण किनाऱ्याचा प्रश्न : सिंधुदुर्ग जिल्ह्यात कोळशावर चालणारे औष्णिक विद्युत केंद्र उभे राहिलेले नाही. तथापि केंद्र शासनाच्या अतिविशाल विद्युत प्रकल्पांच्या योजनेत महाराष्ट्रासाठी ४,००० मेवॉ.चे, आयात कोळशावरील केंद्र देवगड तालुक्यात विजयदुर्गाजवळील गिर्ये येथे, व नंतर त्याच तालुक्यातील मुणगे येथे योजिले होते. हापूस आंब्याचे बागायतदार व मच्छीमार यांच्या विरोधामुळे ते मार्गी लागले नाही. विरोधकांची भीती निराधार म्हणता येत नाही. उत्तर भारतात वीटभट्ट्यांच्या लगतच्या आमराईत फळाचे टोक काळे पडण्याचा रोग विसाव्या शतकाच्या आरंभापासून नोंदविलेला आहे व त्याचा संबंध भट्टीच्या धुरातील वायूंशी, त्यांत सल्फर डाय-ऑक्साइडाशीही, जोडला जातो. मोहोरावर बसणारी राख परागणास बाधक ठरू शकते. आंबा मोहोरण्याचा काळ हिवाळ्याचा. तेव्हा पाऊस नसल्यामुळे पानांवरील धूळ धुऊन जात नाही.

गिर्ये येथील केंद्र भुकटी कोळशाचे असते. त्याऐवजी द्रायूकृत थर वापरला असता तर प्रश्न सुटला असता का, हे हिशेबाने तपासता येते. ४,००० मेवॉ.चे केंद्र वर्षभर ८५ टक्के क्षमतेने चालले व विजेच्या एका युनिटास ०.४ किग्रॅ. आयात कोळसा लागला, असे धरल्यास वर्षास सुमारे १.२ कोटी टन कोळसा होतो. त्यात अर्धा टक्का गंधक मानल्यास सल्फर डाय-ऑक्साइड १.२ लाख टन भरतो. थरात चुनखडक घालून त्यातील नव्वद टक्के पकडले तर हवेत १२ हजार टन जाईल. बागांच्या दृष्टीने हा लाभ मोठा आहे. पण त्यासाठी वर्षास सुमारे ४.७ लाख टन चुनखडक आणावा लागेल. सिंधुदुर्गात चुनखडकाचे मोठे साठे नाहीत. राज्यातील प्रमुख साठे यवतमाळ व चंद्रपूर भागांत, घाटापलीकडे शेकडो किमी. दूर आहेत, जवळचा जलमार्ग सौराष्ट्राचा. खाड्यांतील शिंपल्यांनी ही गरज भागणे अशक्य, आणि तसा प्रयत्न करणे तिसऱ्या-कालवांवर पोट भरणाऱ्यांच्या मुळावर येईल. शिवाय सल्फेट व उरलेला चुना मिळून सुमारे ४ लाख टन जादा घन पदार्थ दर वर्षी निर्माण होईल. दहा टक्के राखेच्या कोळशापासून होणारी १२ लाख टन राख वेगळीच.

ही राख ठेवावयाची कोठे? जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिमी.च्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. सड्यांवरील जांभा सच्छिद्र आहे. चिरेखाणींचे खड्डे भरावास सोयीचे दिसले तरी त्यांतून पाझरणारे अल्कधर्मी पाणी खालच्या वाडीतील विहिरी व झरे गाठणार. तळास अभेद्य अस्तर न घालता केलेला साठा तेथे धोक्याचा होय. मालवणजवळचा सागरी भाग १९८७ मध्ये अभयारण्य घोषित झाला असून त्यात प्रवाळ आहेत. संघनकातून बाहेर पडणाऱ्या कोमट पाण्याचा प्रश्न तर कोणत्याही ज्वलन पद्धतीने सुटत नाही.

किनाऱ्यावर दुसरा पर्याय समुद्राच्या पाण्याने धूर धुण्याचा असतो. समुद्रजलातील नैसर्गिक अल्कधर्मीपणामुळे सल्फर डाय-ऑक्साइड त्यात शोषला जातो व हवा खेळविल्यावर त्याचे सल्फेट होते. सल्फेट समुद्रात मुळातच विपुल असते. मुंबईत तुर्भे येथील टाटांच्या ५०० मेवॉ.च्या संचात ही यंत्रणा १९८० च्या दशकाच्या अखेरीस बसविली गेली. डहाणूची हकिकत अधिक बोधप्रद आहे. चिकूच्या बागांचा हा तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र घोषित झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. तेथील ५०० मेवॉ.च्या केंद्रास या प्राधिकरणाने १९९९ मध्ये धूर धुण्याची यंत्रणा बसविण्याचा आदेश दिला. ती प्रत्यक्षात २००७ मध्ये बसली. या पद्धतीत चुनखडक लागत नाही व जादा राखही होत नाही. मात्र बाहेर जाणारे पाणी पुरेसे उदासीन न केल्यास त्याची आम्लता थेट मासेमारीच्या पाण्यात उतरते. एका पद्धतीत गंधकाचा भार जमिनीवर राहतो, दुसरीत समुद्रावर.

रत्नागिरी जिल्ह्यात जयगड येथे ३०० मेवॉ.चे चार संच २०१०-११ मध्ये सुरू झाले, तेव्हाही आंबा बागायतदारांच्या हरकतींतून हाच वाद उभा राहिला होता. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिस्थितिविज्ञान तज्ञ गटाकडे २०१० मध्ये रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे संपूर्ण अभ्यासासाठी सोपविले गेले. एकेका प्रकल्पाचा सुटा विचार न करता खाणी, कारखाने व वीज केंद्रे यांचा एकत्रित परिणाम पाहण्याची गरज या गटाच्या २०११ च्या अहवालात पुढे आली.

लहान प्रमाणावर मात्र चित्र वेगळे दिसते. काजूप्रक्रिया, फळप्रक्रिया किंवा भातगिरणी यांना लागणारी वाफ दर तासास काही टनांची असते. तूस किंवा काजूच्या टरफलांचा चोथा यांत गंधक फारसे नसल्यामुळे बुडबुडी थराच्या लहान बाष्पित्रात चुनखडक घालण्याची गरज सहसा पडत नाही. तेथे लक्ष द्यावे लागते ते तुसाच्या राखेतील अतिसूक्ष्म सिलिका कणांकडे, टरफलांतील तेलकट फिनॉली द्रव्यांच्या अपूर्ण ज्वलनाकडे आणि वनस्पतिज इंधनातील पोटॅशियमामुळे थर गोठण्याकडे. यासाठी पिशव्यांची गाळणी, पुरेशी दुय्यम हवा व थरातील वाळू ठरावीक काळाने बदलणे हे उपाय योजतात.